दाढेचा ताळेबंद

नातीला सहावं सरता सरता पहिली कायमची दाढ आली, आणि आली तीच पिवळट तपकिरी डाग घेऊन. थंड पाणी लागलं की पोरगी कळवळायची. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही कीड नाही. इनॅमल तयार होतानाच कच्चं राहिलंय. या दाढेचं इनॅमल जन्माच्या सुमाराला घडायला लागतं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत पुरं होतं. बिघाड त्या काळातला आहे." माझ्या लेकीने यातलं एवढंच ऐकलं, की दोष आईचा. रिक्षात बसल्या बसल्या तिने विचारलं, "बाबा, मी हिला दूध कमी दिलं का हो?" मी म्हणालो, "कॅल्शियम कमी पडलं असणार." माझी सगळी नोकरी सहकारी बँकेच्या हिशेबखात्यात गेली, शाळा सुटल्यापासून विज्ञानाचं पुस्तक उघडलेलं नाही. तरी थाट असा, की जणू दाढा मीच घडवतो. लेकीचं तोंड उतरलं ते माझ्या त्या एका वाक्याने.

आपण बोललो ते खरं तरी आहे का, हे बघायला दुसऱ्या दिवशी बसलो. माझ्या डोक्यातलं चित्र सोपं होतं: दूध पोटात, पोटातून कॅल्शियम रक्तात, रक्तातून दातावर, थरावर थर. पहिल्याच पायरीला अडखळलो. रक्तातलं कॅल्शियम दर शंभर मिलिलिटरला साधारण ९ ते १०.५ मिलिग्रॅम असतं आणि शरीर हा आकडा फारसा हलू देत नाही. आहारातून आवक घटली तर गळ्यातल्या चार बारीक ग्रंथी हाडांतून उचल करून तो सावरतात. मुडदूस होण्याइतकी कमतरता असली तर दातही बिघडतात, हे खरं. पण खात्यापित्या घरात एखादा कप दूध राहिलं म्हणून रक्तातली शिल्लक खाली येत नाही. म्हणजे माझं रिक्षातलं निदान रक्तापर्यंतही टिकलं नाही. दात तर अजून लांबच होता.

इनॅमल घडवतं कोण, हा पुढचा प्रश्न. शाळेत त्याला दंतवल्क म्हणत, एवढं आठवत होतं. हिरडीच्या आत, हाडाच्या कोनाड्यात दात घडत असताना त्याच्या डोक्यावर पेशींची एक रांग उभी असते. त्यांना ॲमेलोब्लास्ट म्हणतात. मी वहीत 'कारागीर पेशी' असं लिहून घेतलं. कामाच्या भरात एकेक पेशी सुमारे ७० मायक्रोमीटर उंच होते आणि अगदीच सडपातळ राहते. ही रांग रोज साधारण चार मायक्रोमीटर इनॅमल मागे ठेवत सरकते. दाढेच्या टोकावर इनॅमलची जाडी अडीच मिलिमीटरपर्यंत भरते. अडीच हजार भागिले चार म्हणजे सव्वासहाशे दिवस, पावणेदोन वर्षं. डॉक्टरीणबाईंच्या "तिसऱ्या वर्षापर्यंत" यात हे बसत होतं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच काहीतरी जुळलं, म्हणून बायकोला हाक मारून वही दाखवली. तिने विचारलं, "मग पावणेदोन वर्षांनी दाढ का नाही येत? सहा वर्षं कशाला लागतात?" तिला उत्तर देणं मला जमलं नाही.

मुळं वाढायला वेळ लागतो, हे त्याचं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं वाचून मात्र मी चक्रावलो. पूर्ण जाडीचं इनॅमल उभं राहिलं तरी ते इनॅमल नसतंच म्हणे. आपल्या तोंडातलं पक्कं इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. पण कारागीर पेशींनी नुकत्याच ठेवलेल्या थरात खनिज असतं जेमतेम ३० टक्के. बाकी पाणी आणि प्रथिनं, त्यांत मुख्य ॲमेलोजेनिन नावाचं. या ओल्या पसाऱ्यात खनिजाच्या लांबच लांब, केसाहून कितीतरी बारीक पट्ट्या एकमेकींना समांतर उभ्या असतात. उंची ठरलेली, जागा ठरलेली, अंग मात्र भरलेलं नाही. शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आधी मऊ असतो, हे काही केल्या पटेना. वाचलेल्यावर विश्वास बसत नसेल तर व्हाउचर तपासावं, ही बँकेची सवय.

म्हणून मटणाच्या दुकानात गेलो. वर्षाच्या आतल्या बोकडाचा खालचा जबडा मागितला. "सूप का, काका?" खाटकाने विचारलं. "दात बघायचेत," म्हटल्यावर त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि पैसे घेतले नाहीत. बायकोने जबडा उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही, तेव्हा गॅलरीत वर्तमानपत्रावर हातोडी-छिन्नी घेऊन बसलो. एका बाजूचा ऐवज पहिल्याच घावात चुरा झाला. दुसरी बाजू हळूहळू सोलली, आणि मागच्या टोकाला, हाडाच्या पोकळीत, अजून वर न आलेली दाढ सापडली. तिचं टोक टणक होतं. छिन्नी लावली तर खट्ट वाजलं. पण मुळाच्या बाजूला सरकत गेलो तसा पृष्ठभाग निस्तेज होत गेला आणि शेवटी तर नुसत्या नखाने निघायला लागला, भिजवलेल्या खडूसारखा. एकाच दाढेवर टोकाकडे पक्कं आणि बुडाकडे कच्चं. नखाखाली अडकलेलं ते पांढरं मी बराच वेळ बघत बसलो. मग बायकोने साबण आणून दिला आणि दोनदा हात धुवायला लावले.

आता हिशेबातला खड्डा दिसत होता: ३० वरून ९६. मी वहीत फक्त जमेची बाजू आखली होती, कॅल्शियम इतकं, फॉस्फेट इतकं. पण जाडी वाढणार नसेल तर नवं खनिज बसणार कुठे? आधीचं काहीतरी बाहेर गेल्याशिवाय जागाच नाही. इथे पेशींचं दुसरं आयुष्य सुरू होतं. उंची निम्म्यावर येते, आणि पुढच्या टप्प्यांत मिळून रांगेतल्या जवळपास निम्म्या पेशी मरूनही जातात. उरलेल्या पेशी आता बांधकाम सोडून उपसा करतात. प्रथिनं कापणारी विकरं असतात. आधीच्या टप्प्यातल्या विकराचं नाव एमएमपी-२०, नंतरच्याचं केएलके४. तुकडे होतात, ते आणि पाणी निघून जातं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्या पट्ट्या रुंदीने आणि जाडीने भरत जातात. ज्या माणसांत केएलके४ जन्मतःच निकामी असतं, त्यांचं इनॅमल पूर्ण जाडीचं होतं पण मऊ आणि पिवळट तपकिरी राहतं. वहीचं पान फाडलं आणि नवीन पानावर दोन रकाने आखले. खर्चाचा रकाना जास्त रुंद ठेवावा लागेल, हे तेव्हाही लक्षात आलं नव्हतं.

तरी आधी जमेचीच बाजू घेतली. रक्तातलं कॅल्शियम इनॅमलपर्यंत पोचतं कसं? मला वाटलं, पेशीच्या एका बाजूने आत शिरायचं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचं, यात काय मोठंसं. मोठं असं आहे, की मोकळं कॅल्शियम हे जिवंत पेशीला विष आहे. पेशीच्या बाहेर ते जितकं असतं त्याच्या सुमारे दहा हजारांश इतकंच पेशी आत राहू देते. त्यातला थोडासा चढउतारही पेशी हुकूम म्हणून वाचते, आणि फार चढलं तर मरते. आणि इथे तर टनावारी माल तिच्याच पोटातून न्यायचा! पूर्वी असं मानत, की कॅल्बिंडिन नावाचं प्रथिन कॅल्शियमला पकडून, झाकून, पैलतीरी सोडत असेल. मलाही ते पटलं, मी त्याखाली दोन रेघा मारल्या. पुढच्याच परिच्छेदात होतं की कॅल्बिंडिन नसलेले उंदीर तयार करून पाहिले, आणि त्यांचं इनॅमल व्यवस्थित निघालं. रेघा खोडरबराने पुसल्या तर कागद खरडला गेला.

आता जे चित्र मानतात ते मला समजलं तितकं सांगतो. पेशीच्या आत एक जाळीदार कोठार असतं, कॅल्शियम साठवायचं. कोठार रिकामं व्हायला लागलं की स्टिम१ नावाचं प्रथिन ते ओळखतं आणि पेशीच्या रक्ताकडच्या भिंतीतलं ओराय१ नावाचं दार उघडतं. माल आत येतो, बहुतेक करून कोठारातच जातो. इनॅमलकडच्या भिंतीत वेगळी माणसं बसलेली असतात; त्यांतलं एनसीकेएक्स४ सोडियम आत घेऊन कॅल्शियम बाहेर ढकलतं. या शेवटच्याचं जनुक बिघडलेल्या घराण्यांत इनॅमल कच्चं राहतं, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. पण मला थांबवलं ते ओराय१ने. ज्या थोड्या मुलांत हे दार किंवा त्याचा स्टिम१ हा दारवान जन्मतः काम करत नाही, ती मुलं मुळात डॉक्टरांकडे येतात ती वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गामुळे, कारण रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही हेच दार वापरतात. जी मुलं वाचतात त्यांचे दात ठिसूळ निघतात. सर्दी-तापाशी लढणारी पेशी आणि दाढ घडवणारी पेशी एकाच बनावटीचं दार वापरतात, हे कळल्यावर मी नातीचं लसीकरणाचं कार्ड काढून बसलो. अर्थात त्यात याचं उत्तर कुठून असणार. तिला दोन डोस उशिरा दिले होते, एवढंच कळलं, आणि लेकीचं पुन्हा तोंड उतरलं.

खर्चाच्या रकान्यातली मोठी रक्कम मला सापडली ती शेजारच्या सरांमुळे. ते कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचे. मी त्यांना सांगत होतो, इनॅमलच्या स्फटिकाचा एक घटक म्हणजे दहा कॅल्शियम, सहा फॉस्फेट आणि दोन हायड्रॉक्सिल. ते म्हणाले, "आणि हायड्रोजन कुठे गेला?" मी गप्प. "अहो, रक्तात फॉस्फेट सुटं फिरत नाही, बहुतेक हायड्रोजन घेऊन फिरतं. समीकरण मांडा." मांडलं. दोन्ही बाजू जुळवताना शेवटी आठ हायड्रोजन आयन उरले. बँकेत आठ रुपये उरले तर रात्री अकरापर्यंत घरी जाता येत नसे. सर म्हणाले, "हे आठ म्हणजे आम्ल. खनिज जितकं घडेल तितकं आम्ल सुटणार." आणि आम्लाने दाताचं काय होतं ते माझ्यासारख्यालाही माहीत होतं. इनॅमल घडण्याच्या क्रियेतूनच इनॅमल विरघळवणारी गोष्ट जन्माला येते!

मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. सरांनी जुन्या प्रयोगशाळेतून ओळखीने दोन बाटल्या आणि आम्लता रंगाने दाखवणारा वैश्विक दर्शक आणला. चंचुपात्रात डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेटचं द्रावण, त्यात दर्शकाचे थेंब: निळसर हिरवा रंग. मग कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण ओतलं. पांढरा गढूळ साका धरला आणि रंग बघता बघता पिवळ्यावर आला. सर लगेच म्हणाले, "हे अजून खरं इनॅमलचं स्फटिक नव्हे, कच्चा साका आहे. पण आम्लाचा मुद्दा कळला ना?" कळला. "आता ही आम्लता मारायला पेशीकडे काय असेल?" मी म्हटलं, "जेलुसिल?" सर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी स्वयंपाकघरातून खायचा सोडा मागवला. चिमूटभर टाकला, थोडा फेस आला, रंग परत हिरव्याकडे गेला. पेशी अक्षरशः हेच करतात: कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून बायकार्बोनेट बनवतात आणि इनॅमलच्या बाजूला सोडतात. त्यासाठीची विकरं आणि दारं वेगळी. सोड्यातलं थोडं कार्बोनेट स्फटिकात अडकूनही राहतं. आपल्या प्रत्येकाच्या इनॅमलमध्ये ते काही टक्के असतंच.

यातली सगळ्यात मजेची गोष्ट मात्र रांगेतल्या पेशींच्या पाळ्यांची आहे. पक्कं होण्याच्या काळात या पेशींचं इनॅमलकडचं टोक कधी झालरीसारखं चुणीदार होतं, कधी सपाट. झालरीच्या पाळीत पेशी इनॅमलच्या बाजूने एकमेकींना घट्ट चिकटतात, कॅल्शियम पोचवतात, आणि खाली आम्ल साचत जातं. मग टोकं सपाट होतात, घट्टपणा सुटतो, पेशींच्या फटींतून द्रव आत-बाहेर झिरपतो, आम्ल शमतं, प्रथिनांचे तुकडे निघून जातात. पुन्हा झालर. उंदराच्या पुढच्या दातात अशा पाळ्या दिवसातून सुमारे तीनदा होतात, आणि त्यांतला बराच मोठा वेळ झालरीचा. १९९१ मध्ये जपानी संशोधकांनी गायीगुरांच्या घडत्या दातांवर रंगदर्शक लावला तर पृष्ठभागावर चक्क पट्टे उमटले, एक आम्लाचा, एक उदासीन, पुन्हा आम्लाचा. हे वाचल्यावर मी थांबणार होतो थोडाच! पुन्हा खाटीक, पुन्हा जबडा, सरांचा दर्शक. सगळी दाढ एकाच रंगाची झाली. सर म्हणाले, "जबडा सकाळपासून लटकतोय. पेशी केव्हाच गेल्या, आणि तुम्ही दाढ नळाखाली धुतलीत." खाटकाने मात्र मला 'दातवाले काका' हे नाव कायमचं दिलं.

मग नातीच्या दाढेचं काय? मेलबर्नच्या मायकेल हबर्ड यांच्या गटाचं काम सापडलं. अशाच खडूसारख्या डागांमधून त्यांनी प्रथिनं काढून पाहिली. २०२० मध्ये त्यांनी मांडलं, की त्या डागांत रक्तातलं अल्ब्युमिन अडकलेलं असतं, आणि ते स्फटिकांना चिकटून त्यांची वाढ रोखतं. म्हणजे कॅल्शियम आलं नाही असं नाही. जे तिथे असायलाच नको होतं ते शिरलं आणि बाहेर पडलं नाही. ते का शिरतं, याला एकच कारण अजून ठरलेलं नाही. लहानपणच्या आजारपणांकडे बोट दाखवतात. लेकीला हे सांगताना मी नेहमीपेक्षा बराच कमी बोललो. ती म्हणाली, "म्हणजे दुधाचा संबंध नाही?" मी म्हटलं, "दुधाचा नाही." "मग तुम्ही त्या दिवशी कशाला म्हणालात?" याला वहीत नोंद नव्हती.

फ्लोराइडचंही असंच. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते जास्त असतं. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर दीड. त्याहून बरंच जास्त पाणी लहानपणी पोटात गेलं की दातांवर पांढुरके, मग तपकिरी पट्टे येतात. मी समजत होतो, फ्लोराइड दाताला बाहेरून डागाळतं. तसं असतं तर मोठेपणी तिथे बदली होऊन गेलेल्या आमच्या शाखाधिकाऱ्यांचेही दात तसे झाले असते. ते झाले नाहीत, कारण त्यांचं इनॅमल घडून केव्हाच मोकळं झालं होतं. फ्लोराइड त्या पाळ्यांमध्ये ढवळाढवळ करतं, प्राण्यांवरच्या प्रयोगांत पाळ्या विस्कटलेल्या दिसतात, आणि प्रथिनं वेळेवर बाहेर पडत नाहीत. इनॅमल सच्छिद्र राहतं; तपकिरी रंग त्यात नंतर मुरतो. पुन्हा खर्चाच्याच रकान्यात बाकी.

याच सुमाराला माळ्यावरच्या पिंजऱ्यात उंदीर सापडला. एरवी मी तिकडे बघतही नाही, पण दात संशोधनातले कितीतरी निबंध याच्याच भाईबंदांवर लिहिलेले. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे मुळाकडे नुकतं घडलेलं आणि टोकाकडे पक्कं, असा सगळा क्रम एकाच दातात ओळीने मिळतो. बोकडाचे जबडे फोडावे लागत नाहीत. बॅटरी मारून पाहिलं: समोरचे दात नारिंगी. घाण नव्हे ती. कारागीर पेशी फेरिटिन या प्रथिनात लोह साठवतात आणि सगळं काम होत आल्यावर शेवटी इनॅमलच्या बाहेरच्या थरात सोडतात. लोह कमी पडलेल्या उंदरांचे दात पांढरे पडतात. म्हणजे आमच्या माळ्यावर त्याला लोह चांगलं मिळत होतं. ही बातमी मी बायकोला मोठ्या उत्साहाने दिली. "मिळणारच," ती म्हणाली, "मेथीची जुडी कोण कुरतडतंय म्हणून मी आठवडाभर तुम्हाला विचारतेय. आता त्याला टेकडीपलीकडे सोडून या, आणि येताना दुसरी जुडी आणा."